‘नाही’समोरची खूण

२०१८ च्या जूनमध्ये, लांज्याला आमच्या घराच्या पडवीत बसून मी एक फॉर्म भरला. फॉर्म माझा नव्हता, काकांचा होता. आयुर्विमा, पाच लाखांचा. काका तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे, बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानात कामाला. विम्याचे एजंट म्हणजे त्यांचे शाळासोबती, आमच्याच वाडीतले. पेरणी उरकली होती, बाहेर धो धो पाऊस, काकीने चहा ठेवलेला. एजंटकाकांचा चष्मा घरी राहिला होता. काका म्हणाले, “ह्याला बसवा. इंजिनिअर होतोय, अक्षरही बरं आहे.”

मी तेव्हा रत्नागिरीला शेवटच्या वर्षाला होतो. फॉर्म इंग्रजीत होता. नाव, पत्ता, जन्मतारीख. (जन्मतारीख १ जून. काकांच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, हेडमास्तरांची कृपा.) मग आरोग्याचे प्रश्न सुरू झाले. तुम्हाला मधुमेह, क्षय, दमा, उच्च रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काही आहे किंवा होते का? सध्या कुठलं औषध चालू आहे का? मी पहिला प्रश्न मराठीत सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात एजंटकाका म्हणाले, “ते सगळं ‘नाही’ मार. खालपर्यंत.”

मी मारलं. एकाखाली एक, सरळ रेघेत.

महिन्यातून एकदा शनिवारी एसटीने घरी येताना काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मीच आणायचो. पट्टीवरचं नाव मला पाठ होतं. म्हणजे त्या पडवीत बसलेल्या तिघांमध्ये ‘नाही’ म्हणजे नेमकं काय लिहिलं जातंय, हे सगळ्यांत नीट मलाच कळत होतं. काकांनी मराठीत सही केली. सही मराठीत आणि फॉर्म इंग्रजीत असला, की खाली आणखी एक निवेदन असतं: यातले प्रश्न मी प्रस्तावकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितले आणि त्याने समजून उत्तरं दिली. त्याच्याखाली सही माझी आहे.

२०२१ च्या सप्टेंबरअखेर, गणपती जाऊन आठवडाही झाला नव्हता, काका गेले. हृदयविकाराचा झटका, पहाटे. रत्नागिरीला न्यायला गाडी बोलावली होती, ती पालीच्याही अलीकडे थांबवली.

कागदपत्रांचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मी त्या वर्षी घरूनच काम करत होतो. मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, काकीचं बँकेचं पासबुक, एक दाव्याचा अर्ज. मनात धास्ती होती, की आता कोणीतरी चौकशीला येणार, मेडिकलवाल्याला विचारणार, मला विचारणार. कोणी आलं नाही. काही आठवड्यांत पैसे काकीच्या खात्यावर जमा झाले. त्या संध्याकाळी तिने मला विचारलं, “हे पैसे आपलेच ना रे? उद्या कोणी परत नाही ना मागायचं?”

मी म्हटलं, “नाही मागणार.”

तिने दोन प्रश्न विचारले होते. मी दुसऱ्याचं उत्तर दिलं. पहिल्याचं उत्तर शोधण्यासाठी मी गेली तीन-चार वर्षं, फावल्या वेळात, विम्याचा कायदा वाचतोय. वकील नाही, त्यामुळे जे समजलं ते माझ्या पद्धतीने मांडतो.

पैसे कोणी परत मागणार नाही याचं कारण विमा कायदा, १९३८, कलम ४५. आज त्याचं जे रूप आहे ते २०१५ च्या दुरुस्तीतून आलंय. पॉलिसी दिली ती तारीख, जोखीम सुरू झाली ती तारीख, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली असेल तर ती तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तिथून तीन वर्षं मोजायची. तीन वर्षं उलटली, की आयुर्विम्याच्या पॉलिसीला कुठल्याही कारणावरून आव्हान देता येत नाही. कुठल्याही म्हणजे फसवणुकीच्यासुद्धा. आधीच्या कलमात मुदत दोन वर्षांची होती, पण फसवणूक सिद्ध झाली तर कंपनीला त्यानंतरही दार उघडं होतं. १९६२ साली मिठूलाल नायक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या दाराच्या तीन कड्या सांगितल्या होत्या: लपवलेली गोष्ट महत्त्वाची हवी, ती फसवण्याच्या हेतूने लपवलेली हवी, आणि आपण सांगतोय ते खोटं आहे हे सांगणाऱ्याला त्या वेळी ठाऊक हवं. त्या खटल्यात तिन्ही सापडल्या आणि दावा बुडाला. आता तीन वर्षांनंतर ते दारच बंद आहे.

काकांची पॉलिसी जून २०१८ ची, मृत्यू सप्टेंबर २०२१ चा. तीन वर्षं, तीन महिने.

यात एक उपकथा आहे आणि ती मला सोडवत नाही. जून २०२० मध्ये काकांचा हप्ता चुकला. दुकान बंद, पगार अर्धा. हप्त्याची तारीख उलटल्यावर मिळणारे सवलतीचे दिवस संपत आले तेव्हा एजंटकाकांनी स्वतःच्या खिशातून हप्ता भरला आणि भात झोडून झाल्यावर सावकाश वसूल केला. तो हप्ता तेव्हा भरला नसता आणि पॉलिसी बंद पडून दोन-चार महिन्यांनी परत चालू केली असती, तर तीन वर्षांचं घड्याळ तिथून नव्याने सुरू झालं असतं. काका त्या तीन वर्षांच्या आत गेले असते. चौकशी झाली असती. ज्या माणसाने ‘सगळं नाही मार’ म्हटलं, त्याच माणसाने त्या ‘नाही’ला मुदत ओलांडून दिली. त्याला हे कलम माहीत होतं का, मला शंका आहे. मित्राची पॉलिसी बुडू नये, एवढंच त्याच्या डोक्यात असणार.

आता पहिला प्रश्न. पैसे ‘आपले’ होते का?

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिथली उदाहरणं कोणीतरी गोष्टीवेल्हाळ माणसाने लिहिली असावीत. एक माणूस लिलावात घोडा विकतोय. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे. तो गप्प बसतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. घेणाऱ्याने दात बघून घ्यावा. पण घोडा घेणारी जर त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर? मग सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे. नातंच असं आहे, की तिथे गप्प बसणं चालत नाही.

बाजारात आपण सगळे पहिल्या उदाहरणाप्रमाणे वागतो. आंब्याच्या पेटीत वरच्या थराला कुठलं फळ लावायचं हे कोकणात शिकवावं लागत नाही. विम्याचा कायदा मात्र म्हणतो, की इथे दुसरं उदाहरण लावा. कंपनी तुमची कोणी लागत नाही, तुम्ही तिचं तोंडही पाहिलेलं नाही, तरी तिने न विचारलेलं महत्त्वाचंसुद्धा तुम्ही आपणहून सांगायचं, पोटच्या मुलीला सांगावं तसं. याला परम सद्भावाचं तत्त्व म्हणतात.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे सरळसरळ ढोंग वाटलं. कॉर्पोरेट कंपनीला मुलीची जागा? मग मी ते तत्त्व आलं कुठून ते शोधलं. १७६६ चा इंग्लंडमधला कार्टर विरुद्ध बोह्म हा खटला. सुमात्रा बेटावर इंग्रजांचा मार्लबरो नावाचा किल्ला होता. तिथल्या गव्हर्नरने किल्ला शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध लंडनमध्ये विमा उतरवला. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला कमकुवत होता हे मला सांगितलं नाही. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी तत्त्व सांगितलं ते असं: विमा हा अंदाजाचा व्यवहार आहे, अंदाज ज्या गोष्टींवर बांधायचा त्या बहुतेक एकाच पक्षाला माहीत असतात, दुसरा त्याच्या शब्दावर विसंबून असतो, म्हणून माहीत असणाऱ्याने लपवता कामा नये. हे तत्त्व दोन्ही पक्षांना लागू आहे हेही त्यांनी म्हटलं. आणि निकाल दिला गव्हर्नरच्या बाजूने! कारण किल्ल्याची अवस्था काय असू शकते हे लंडनमध्ये बसून विचारता, कळवून घेता आलं असतं. विचारलं नाही, पैसे घेतले, आणि आता नुकसान झाल्यावर तक्रार करतोय, हे त्यांना पटलं नाही. या खटल्याचा पहिला अर्धा भाग जगभरच्या विमा कंपन्यांना तोंडपाठ असतो, दुसऱ्या अर्ध्याची आठवण करून द्यावी लागते.

‘दुसरा तुमच्या शब्दावर विसंबून आहे’ हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण त्याआधी माझ्या ओळखीचा जो विमा होता, त्याला शब्द लागतच नव्हता. आमच्या वाडीचं मुंबईत मंडळ आहे. चाकरमान्यांची वर्गणी, भजनाची पेटी, गणपतीला गाड्यांची सोय, आणि कोणी वारला की त्याच्या घरी द्यायची ठरावीक रक्कम. माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं. कोण दारू पितो, कोणाला क्षय होऊन गेला, कोणाचा बाप चाळिशीत गेला, सगळं सगळ्यांना माहीत. फॉर्म नाही, डॉक्टर नाही. कळून-सवरून पैसे घालायचे. जिथे माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, तिथे तेच काम करायचं तर ओळखीच्या जागी काहीतरी ठेवावं लागेल. परम सद्भाव म्हणजे त्या ओळखीच्या जागी ठेवलेला शब्द. असं पाहिलं, की कंपनीला मुलीची जागा दिलेली नाही हे लक्षात येतं. ती जागा कंपनीमागच्या लाखो अनोळखी माणसांना दिलेली आहे, ज्यांच्या हप्त्यातून काकीला पाच लाख मिळाले.

त्यांतले एक मला माहीत आहेत. खालच्या आळीतले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनी त्याच सुमाराला, त्याच एजंटकडून विमा घेतला. फॉर्म स्वतः वाचला आणि ‘मधुमेह: आहे’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं. एजंटकाकांनी समजावलं, ते ऐकेनात. त्यांना हप्ता चढा लागला आणि तो ते अजून भरतायत. माझ्या खोट्याने कंपनीचं काय नुकसान झालं याचा हिशेब मी एकदा गमतीने मांडला होता. माणशी पैशाचाही बारीक अंश येत होता, शून्याच्याच जवळ. पण गुरुजींसमोर तो हिशेब मला मांडता येत नाही. ‘नाही’ मारणारे जितके जास्त, तितका सरसकट दर वर जाणार, आणि ‘आहे’ लिहिणारा त्या वरच्या दरावर आणखी चढा दर भरणार. खोट्याची किंमत खरं बोलणाऱ्याच्या हप्त्यातून वसूल होते.

इथेच थांबलो असतो तर निकाल सोपा होता: मी चोरी केली, पैसे आपले नव्हते. पण दुसरी बाजू इतकी स्वच्छ नाही.

एक तर, कंपन्यांचा ‘जोखमीचा’ हिशेब म्हणजे गणितच असतं असं नाही. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या इंग्रजी कंपन्या आधी भारतीयांचा विमा घेतच नव्हत्या, नंतर घेऊ लागल्या तर जादा हप्ता लावून. आपली शरीरंच कमी भरवशाची! १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा दिला. पुढे कंपन्या पुष्कळ झाल्या आणि विमेदारांच्या पैशांशी खेळही पुष्कळ झाले. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम काढून सरकारने आयुर्विमा ताब्यात घेतला, तेव्हा देशी-विदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था होत्या. अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख. १ सप्टेंबरला महामंडळ उभं राहिलं तोवर ते संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले होते. आणि वर्षाच्या आत महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांमध्ये सव्वा कोटींच्या आसपास रुपये गुंतवले. न्या. छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली, अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं. सद्भाव दोन्ही बाजूंनी लागू आहे असं म्हणताना हा इतिहास बरोबर ठेवावा लागतो.

दुसरं, मॅन्सफिल्डच्या वेळी माहिती एकाच पक्षाकडे होती. आज? मी एका कर्ज देणाऱ्या कंपनीसाठी फॉर्म बनवण्याचं काम केलंय. अर्जदार ‘पुढे’ दाबतो त्या क्षणी त्याच्याबद्दल जे आमच्याकडे आलेलं असतं, ते त्याच्या बायकोला माहीत नसतं. विमा कंपनी काकांची तपासणी करू शकत होती. पन्नाशीला टेकलेला माणूस, रक्तदाब मोजायला दोन मिनिटं लागतात. तिने त्या वयाला, त्या रकमेला तपासणी नको असं ठरवलं, कारण तपासणीचा खर्च वाचतो आणि पॉलिसी लवकर विकली जाते. म्हणजे तिनेही अज्ञान सोयीने निवडलं होतं. हप्ते घेताना न विचारायचं आणि माणूस गेल्यावर त्याचे जुने कागद काढायचे, याला आडकाठी म्हणून तर कलम ४५ आहे. माणूस जिवंत असताना विचारा, तो उत्तर देऊ शकतो. तीन वर्षं आहेत तुमच्याकडे. मेलेल्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून त्याच्या बायकोकडून जबाब घेऊ नका. हे मला न्याय्य वाटतं, अजूनही वाटतं.

तिसरं म्हणजे काका स्वतः. ते खोटं बोलले का? मला खरोखर वाटत नाही. त्यांच्या लेखी आजार म्हणजे अंथरूण धरणं. गोळी ही चहासारखी सकाळची गोष्ट होती. फॉर्मवर ‘हो’ आणि ‘नाही’ एवढीच दोन घरं असतात. ‘आहे पण काही होत नाही’ असं तिसरं घर नसतं. धंद्याने सांगतो, असं तिसरं घर ठेवलं तर सगळे तेच भरतात, म्हणून आम्ही ठेवत नाही. युधिष्ठिर अश्वत्थाम्याबद्दल बोलला तेव्हा त्याला पुरतं माहीत होतं तो काय करतोय. काकांना तर प्रश्न विचारलाच गेला नव्हता. ते पावसाकडे बघत बसले होते.

कायद्याला हेही काही प्रमाणात कळतं. कलम ४५ मध्येच म्हटलंय, की विमा मिळवून देणारा, बोलणी करणारा माणूस हा करार होण्यापुरता कंपनीचा प्रतिनिधी समजला जाईल. २०१५ च्या एका प्रकरणात मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं आणि मृत्यू हृदयविकाराने झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने पैसे द्यायला लावले. पण २०१९ मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात दुसरी पॉलिसी लपवल्याबद्दलचा नकार कायम झाला, आणि फॉर्म न वाचता सही केली ही सबब सहसा चालणार नाही असं स्पष्ट म्हटलं. काकांचा रक्तदाब आणि हृदयविकार यांचं नातं सांगायला डॉक्टर लागत नाही, तेव्हा तीन वर्षांच्या आत तो मणक्यावाला निकाल आमच्या कामाचा नव्हता.

(नॉमिनीचा गोंधळ वेगळाच. गावात समजूत अशी, की नॉमिनी म्हणजे मालक. १९८३ च्या सरबती देवी निकालानुसार नॉमिनी फक्त पैसे घेणारा हात होता, मालकी वारसांची. २०१५ पासून आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर तेच लाभाचे धनी. काकीचं नाव होतं, म्हणून तो प्रश्न आमच्याकडे आला नाही. नाहीतर भाऊबंदकीला लांजा तालुक्यात निमित्त कमी पडत नाही.)

मग तीन वर्षांनी खोटं खरं होतं का? आमच्याकडे गडग्याच्या वादांत बारा वर्षांचा हिशेब लहान पोरांनाही माहीत असतो. दुसऱ्याच्या जमिनीवर उघड, विरोधी ताबा बारा वर्षं राहिला आणि मूळ मालकाने दावा लावला नाही, तर त्याचा हक्क संपतो. पण गडगा सरकवणाऱ्याला गाव विसरत नाही. दोन पिढ्यांनंतरही बायका विहिरीवर सांगतात, ती कलमं खरी कोणाची. कायदा तिथे एवढंच म्हणतो, की आता वाद पुरे. जमीन तुमची म्हटल्यावरही सांगायची गोष्ट शिल्लक राहते. काकीच्या पैशांचं मला तसंच वाटतं. ते तिचे आहेत. तिने काहीच लपवलं नाही, तिला कोणी विचारलं नाही, आणि विचारायची वेळ ज्यांची होती त्यांनी ती घालवली. पैशांतून घराचं छप्पर झालं, उरलेले चुलतबहिणीच्या शिक्षणासाठी ठेवले. ते परत करावेत असं मी तिला कधी सांगणार नाही.

पण ते निवेदन माझं आहे. ‘समजावून सांगितले.’ त्याला कलम ४५ लागू होत नाही, कारण ते करारातलं माझं काही नव्हतंच. काका खोटं बोलले नाहीत, काकी बोलली नाही, एजंटकाकांनी चष्मा नसताना सांगितलं. अक्षर माझं. मी सांगितलं असतं तर? बहुधा काकांनी एजंटकाकांकडे बघितलं असतं, आणि ‘नाही’च म्हणाले असते. किंवा हप्ता वाढतो म्हटल्यावर विमा घेतलाच नसता आणि काकी आज गळक्या छपराखाली असती. यांतलं काय झालं असतं ते ठरवायचा हक्क त्यांचा होता, आणि तो मी त्यांना दिला नाही. गुरुजींना तो मिळाला, कारण त्यांना वाचता येत होतं.

यंदा माझं लग्न ठरलं, पुण्यात फ्लॅटचं कर्ज झालं, आणि मी स्वतःसाठी एक कोटीचा मुदत विमा ऑनलाइन भरायला घेतला. चौथ्या पानावर प्रश्न आला: गेल्या पाच वर्षांत मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे गेला होता का? २०२१ च्या शेवटी काही महिने मी जात होतो. झोप लागत नव्हती. कागदावर कुठे नाही, विम्यातून खर्च मागितला नाही, रोख पैसे दिले होते. ऑफिसमधला मित्र मागून वाचत होता. म्हणाला, “‘नाही’ टाक ना. तीन वर्षं धड राहा, मग कोण विचारतंय.”

त्याला कलम माझ्याकडूनच कळलं होतं.

मी ‘हो’ निवडलं. पान लांबलं, आणखी सहा प्रश्न उघडले, शेवटी समुपदेशकाचं पत्र जोडा असं आलं. ते केंद्र आता त्या पत्त्यावर नाही, बाईंना मेल टाकलीय, उत्तर आलेलं नाही. होणाऱ्या बायकोला हे सगळं आधी सांगावं लागलं, कारण फॉर्म कंपनीला कळवणार आणि तिला नाही, हे बरं दिसेना. तिने विचारलं, काकांचं काकीला सांगितलंस का? अजून नाही. अर्ज ‘कागदपत्रांच्या प्रतीक्षेत’ असा दिसतोय. येत्या शिमग्याला घरी जाईन.